४० लाख जागेवरच राहतात, मग महागाई खाते काय?

प्रश्न: मी ५८ वर्षांचा आहे. सातपूरच्या एका कंपनीतून नुकताच निवृत्त झालो. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून ४० लाख हातात आलेत. बँकेत ७ टक्क्यांनी एफडी केली तर महिन्याला २३ हजार व्याज येईल. वर साडेचार हजार पेन्शन. सिडकोत स्वतःचे घर आहे, कर्ज नाही, घरखर्च २६ हजार. म्हणजे मुद्दलाला हात न लावता आम्हा दोघांचे भागते. मुलगा म्हणतो, महागाई पैसा खाऊन टाकेल. पण ४० लाख तर ४० लाखच राहणार ना? पैसा नेमका कुठे आणि कसा कमी होतो?

उत्तर: तुमच्या बेरजेत चूक नाही. व्याज आणि पेन्शन मिळून साडेसत्तावीस हजारांच्या वर जातात, खर्च २६ हजार. पहिले वर्ष अगदी तुम्ही म्हणता तसेच जाईल. दुसरेही जाईल. ओढ लागायला सुरुवात होते ती तिसऱ्या वर्षी, आणि तीही इतक्या हलक्या पावलांनी की घरात कुणाच्या लक्षात येत नाही. नाशिकमध्ये कर आणि गुंतवणुकीचे काम करताना सातपूर-अंबडमधून निवृत्त झालेली बरीच कुटुंबे मी जवळून पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी सुरुवातीला हाच हिशेब मांडला होता, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर उत्तर देतो.

आधी पैसा कुठे कमी होतो ते पाहू. आपल्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. तिथून बाहेर पडलेली शंभराची नोट हातात घेऊन वाचा. धारकाला शंभर रुपये अदा करण्याचे वचन रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी त्यावर सहीनिशी दिलेले असते. त्या शंभर रुपयांत किती गहू येतील, किती तेल येईल, रिक्षा किती लांब नेईल, याबद्दल त्या नोटेवर एक अक्षरही नाही. बँकेच्या एफडीचेही तसेच. तुम्ही ४० लाख ठेवले, मुदतीनंतर बँक ४० लाख परत करील, शब्द पाळला जाईल. त्या रकमेत किती महिन्यांचे वाणसामान आणि किती वर्षांची औषधे येतात, ते मात्र दरवर्षी कमी होत जाते. रक्कम जागेवर राहते आणि तिच्या बदल्यात मिळणारी वस्तू आटते. मुलगा म्हणतोय ते हेच.

किती आटते? महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर आजच्या १०० रुपयांची खरेदीची ताकद दहा वर्षांनी ५६ रुपयांवर येते, वीस वर्षांनी ३१ वर आणि तीस वर्षांनी १७ वर. तोंडी हिशेबासाठी ७२ ला महागाईच्या दराने भागायचे. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. ६ टक्के असेल तर १२ वर्षे. म्हणजे तुम्ही सत्तरीत पोचाल तेव्हा आज २६ हजारांत चालणारे हेच घर, हीच भाजी-भाकरी, ५२ हजार मागेल. तेव्हाही व्याज २३ हजारच असेल.

६ टक्के जास्त धरले असे वाटत असेल तर ४ धरा. संसदेने २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि महागाईचे लक्ष्य ४ टक्के ठरले, त्यात दोन टक्के वर-खाली चालेल अशी मुभा. लक्ष्य शून्य टक्के नाही, हे ध्यानात घ्या. रिझर्व्ह बँक तिच्या कामात शंभर टक्के यशस्वी झाली तरी भाव वर्षाला ४ टक्क्यांनी चढणारच आणि १८ वर्षांत तुमचा खर्च दुप्पट होणार. हे कुणाचे अपयश नाही. अर्थव्यवस्था चालवण्याची ठरवून घेतलेली पद्धत आहे. पगार वाढत असतो तोवर माणसाला ती जाणवत नाही. तुमचा पगार आता थांबला.

आता मुख्य मुद्दा, आणि एवढा एक लक्षात राहिला तरी मला समाधान आहे. बँक तुम्हाला ७ टक्के व्याज देते आणि महागाई ५ टक्के आहे, असे धरू. वर्षाला २ लाख ८० हजार व्याज आले. त्यातले २ लाख रुपये हे खरे म्हणजे व्याज नव्हेच. महागाईने त्या वर्षात तुमच्या ४० लाखांची जी झीज केली, तिची ती भरपाई आहे. ते २ लाख मुद्दलात परत घातले, तरच पुढच्या वर्षी तुमच्याकडे आजच्याइतक्या किमतीचे ४० लाख असतील. उरलेले ८० हजार, म्हणजे महिन्याला साडेसहा-पावणेसात हजार, ही तुमची खरी कमाई. तुम्ही मात्र २३ हजार 'व्याज' समजून खर्च करणार आहात. शेतकरी खळ्यावरचे सगळे धान्य खात नाही, बियाण्याचे पोते बाजूला काढतो. तुमच्या व्याजात ते पोते मिसळलेले आहे आणि पासबुकात ते वेगळे दाखवत नाहीत. मुद्दलाला हात लावत नाही असे तुम्ही म्हणता, पण या हिशेबाने मुद्दल पहिल्या महिन्यापासूनच खर्ची पडायला लागते.

मग साडेसहा हजारांत घर चालवायचे का? नाही. तसे कुणालाच जमणार नाही आणि तशी गरजही नाही. मुद्दल अनंत काळ टिकवायचे नसते, तुम्ही दोघे आहात तोवर ते पुरायला हवे. प्रश्न एवढाच आहे की ते किती वर्षे पुरते.

तुमचे आकडे घेऊन मी तो हिशेब मांडला. सुरुवातीला ४० लाख, व्याज कायम ७ टक्के, पेन्शन कायम साडेचार हजार, पहिल्या वर्षीचा खर्च महिना २६ हजार आणि तो दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढणारा. पहिली दोन वर्षे थोडे पैसे उरतात, ते मुद्दलातच जातात. तिसऱ्या वर्षी व्याज पुरत नाही, थोडी तूट पडते. पाचव्या वर्षाअखेर शिल्लक ३९ लाख. ही शिल्लक पाहून कुणालाही वाटेल की छान चालले आहे. दहाव्या वर्षाअखेर ३१ लाख. इथून उतार लागतो, कारण खर्च वाढतो आहे आणि व्याज देणारे मुद्दल त्याच वेळी लहान होते आहे. पंधराव्या वर्षाअखेर ११ लाखांच्या आत. सोळावे वर्ष कसेबसे निघते आणि सतराव्या वर्षात खाते रिकामे. तेव्हा तुम्ही ७५ चे असाल. वहिनी तुमच्याहून पाच वर्षांनी लहान असतील तर त्या सत्तरीच्या. आपल्याकडे बायका नवऱ्यापेक्षा जास्त जगतात, शिवाय वयाने लहान असतात, त्यामुळे हातातला पैसा संपल्यावर मागे राहण्याची पाळी बहुतेक वेळा त्यांच्यावर येते. तुमच्या पेन्शन योजनेत तुमच्यामागे त्यांना निम्मी पेन्शन मिळते, म्हणजे सव्वादोन हजार. हिशेब सांगताना मी याच जागी थांबतो आणि दोघांनाही समोर बसवतो.

हाच हिशेब ४ टक्के महागाईने केला तर पैसे वीस वर्षे पुरतात. महागाईतल्या दोन टक्क्यांच्या फरकाने आयुष्याची चार वर्षे इकडची तिकडे होतात. म्हणून 'महागाई किती धरायची' हा प्रश्न वरवर सोडवून चालत नाही.

पेपरात छापून येणारा महागाईचा आकडा देशभरातल्या सरासरी घराचा असतो. महागाई मोजली जाते ती ग्राहक किंमत निर्देशांकावरून, म्हणजे घरगुती वस्तू-सेवांच्या भावांच्या एकत्रित आकड्यावरून. २०१२ हे आधारवर्ष धरून जो निर्देशांक वर्षानुवर्षे मोजला गेला, त्यात खाण्यापिण्याला जवळपास ४६ टक्के वजन होते आणि आरोग्याला सहा टक्क्यांच्या आत. निवृत्त जोडप्याचे घर असे नसते. तुमच्या खर्चात शाळेची फी नाही, पण बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, डोळे, दात, गुडघे हे सगळे आहे आणि दरवर्षी वाढणार आहे. समजा खर्चाच्या ६० टक्के भाग किराणा-भाजीचा आणि तो ४ टक्क्यांनी वाढला, २५ टक्के भाग कामवाली, रिक्षा, दुरुस्ती, वीज असा आणि तो ६ ने वाढला, उरलेला १५ टक्के दवाखान्याचा आणि तो १० ने वाढला. तुमच्या घराची महागाई झाली ५.४ टक्के. पेपरात त्या वर्षी ४ टक्के छापलेले असले तरी तुम्हाला काही फरक पडत नाही. निवृत्तांसाठी मी ६ टक्के धरतो ते याच कारणाने.

इथे कांद्याबद्दल बोलायलाच हवे, कारण नाशिकच्या माणसाशी महागाईचा विषय काढला की तो पहिल्यांदा लासलगावचा भाव सांगतो. कांदा १५ रुपयांवर आलाय, महागाई कुठे आहे, असे मला अनेकदा ऐकवले जाते. कांद्याचे गणित निराळे आहे. उन्हाळ कांदा चाळीत साठवलेला असतो, तो सप्टेंबर-ऑक्टोबरकडे संपत येतो. पावसाने लाल कांदा लांबला किंवा सडला की मधल्या काळात भाव भडकतो, आणि नवीन माल मार्केटला आला की तसाच कोसळतो. त्यात निर्यातीचे निर्णय. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली आणि मे २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. निफाड-पिंपळगावच्या शेतकऱ्याने यात काय सोसले ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. पण हा भावाचा चढउतार झाला. वर गेलेला भाव खाली येतो. २०१२ च्या निर्देशांकात कांद्याचे वजन एक टक्कासुद्धा नव्हते.

तुमचे ४० लाख पोखरणारी महागाई वर जाते आणि खाली येतच नाही. सलूनमधल्या कटिंगचे दर वाढले की कधी कमी झालेले पाहिलेत? डॉक्टरांची तपासणी फी, कामवाल्या मावशींचा पगार, प्लंबरची मजुरी, मेडिक्लेमचा हप्ता, मिसळीची प्लेट. या प्रत्येकात कुणाची तरी मजुरी आहे, त्या माणसालाही घर चालवायचे आहे, त्यामुळे हे दर चढतच राहणार आणि ते चढायलाच हवेत. भाजीबाजाराकडे बघून महागाईचा अंदाज बांधणारा माणूस म्हणूनच फसतो. भाजीचा भाव रोज डोळ्यांसमोर असतो, आणि हे दुसरे दर वर्षातून एकदा गुपचूप वाढतात.

'महागाई घटली' या मथळ्यानेही बरेच जण निर्धास्त होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आला, तेव्हा मला दोन-तीन जणांनी विचारले, आता भाव खाली येणार का? दर घटणे म्हणजे भाव वाढण्याचा वेग घटणे. २०२२-२३ मध्ये सरासरी महागाई ६.७ टक्के होती, २०२३-२४ मध्ये ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६. प्रत्येक वर्षी आकडा घटतोय. पण या तीन वर्षांच्या सुरुवातीला १०० रुपयांना येणारी पिशवी पहिल्या वर्षाअखेर १०६ रुपये ७० पैशांना, दुसऱ्या वर्षाअखेर एकशे साडेबारा रुपयांच्या आसपास आणि तिसऱ्या वर्षाअखेर ११७ रुपयांच्या वर गेली. महागाई तीन वर्षे 'घटत' असताना पिशवी सतरा रुपयांनी महाग झाली.

आता तुमच्या पेन्शनकडे या. तुम्हाला मिळते ती ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन. तिला महागाई भत्ता नाही. आज साडेचार हजार, वीस वर्षांनीही साडेचार हजार. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार रुपये झाली आणि त्यानंतर पेन्शनरांनी किती मोर्चे काढले, ते तुम्ही पाहिलेच असेल. याउलट नाशिकरोडला रेल्वेतून निवृत्त झालेला तुमचाच एखादा मित्र घ्या. त्याच्या पेन्शनवर वर्षातून दोनदा महागाई सवलत वाढते. ती ठरते औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. केंद्र सरकारचा लेबर ब्युरो देशातल्या ठरावीक शहरांतून त्यासाठी भाव गोळा करतो आणि त्या शहरांत आपले नाशिकही आहे. जानेवारी २०१६ मध्ये शून्यापासून सुरू झालेली ती सवलत जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाली. म्हणजे २०१६ ला १० हजार मूळ पेन्शन असलेल्याला १५ हजार ८०० मिळू लागले. सरकारने स्वतःच्या माणसांसाठी मोजलेली साडेनऊ वर्षांची महागाई ही अशी आहे. तुम्हाला कुणी अशी भरपाई देणार नाही, ती तुमची तुम्हालाच उभी करावी लागेल. माझ्या मते हा कामगारांवर अन्याय आहे, आणि तो दूर होईल तेव्हा मला आनंदच होईल. पण त्या आशेवर घरचा हिशेब बांधू नका.

आणखी एक गोष्ट वारंवार ऐकतो: आमच्या वेळी पीपीएफला १२ टक्के मिळायचे. मिळायचे खरे, २००० सालच्या जानेवारीपर्यंत. पण १९९१ मध्ये महागाईही जवळपास १४ टक्के होती, म्हणजे १२ टक्के घेऊनसुद्धा त्या वर्षी ठेवीदार मागेच पडला. व्याजाचा दर एकटा पाहून काहीच कळत नाही, त्यातून महागाई वजा केल्यावर हातात काय उरते ते पाहायचे.

याची दुसरी बाजूही तुम्ही स्वतः अनुभवली आहे. सिडकोतल्या घराचा हप्ता सुरू झाला तेव्हा पगाराचा मोठा लचका तोडत असेल, आणि शेवटच्या वर्षांत तोच हप्ता किरकोळ वाटू लागला असेल. हप्ता तेवढाच होता, रुपया हलका झाला होता आणि पगार वाढला होता. तेव्हा महागाई कर्जदार म्हणून तुमच्या बाजूने होती. आता एफडी करताना तुम्ही बँकेला कर्ज देणारे झालात. बाजू बदलली आहे.

आता करायचे काय, ते सांगतो.

सगळ्यात आधी खरा घरखर्च काढा. हा प्रश्न मी नवऱ्याला कधीच एकट्याला विचारत नाही. वहिनींना विचारा आणि त्यांची वही किंवा मोबाइलमधली नोंद पुढे घ्या. नवरा महिन्याचा खर्च सांगतो. घरपट्टी, दिवाळी, मेडिक्लेमचा हप्ता, गाडीचा विमा, भाच्याच्या लग्नातला आहेर, गावची जत्रा, गळणारी गच्ची, हे सगळे बायकोच्या लक्षात असते. वर्षाचा असा खर्च बारांनी भागून महिन्यात मिळवला की २६ चे तीसेक हजार झालेले मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत. तुमचे २६ हजार हा सगळे धरून आलेला आकडा असेल तर उत्तम. नसेल तर वरचा सोळा वर्षांचा हिशेब आणखी आखडेल.

दुसरे, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपतो, हे बऱ्याच जणांना पहिल्या आजारपणात कळते. स्वतःची पॉलिसी आजच घ्या. बीपी-शुगर असेल तर लपवू नका. एका मोठ्या ऑपरेशनने हिशेबातली तीन-चार वर्षे एका आठवड्यात जातात. मुलगा काही मदत करू इच्छित असेल तर त्याला घरखर्चात पैसे देण्याऐवजी हा हप्ता भरायला सांगा, कारण तुमच्या खर्चातली सगळ्यात वेगाने वाढणारी ओळ तीच आहे.

पैशांच्या मांडणीत माझा पहिला पर्याय ज्येष्ठ नागरिक बचत योजना, म्हणजे पोस्टातली किंवा बँकेतली एससीएसएस. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि मर्यादा ३० लाखांची झाली. दराचा आढावा सरकार दर तिमाहीला घेते, त्यामुळे खाते उघडण्याआधी त्या दिवशीचा दर विचारून घ्या. एकदा उघडलेल्या खात्याला पाच वर्षे तोच दर मिळतो. ८.२ ने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पेन्शन धरून २५ हजार झाले. एफडीत ४० लाख ठेवून जे जवळपास मिळत होते, ते ३० लाखांत मिळाले आणि १० लाख मोकळे राहिले.

त्या १० लाखांतले ४ लाख बँकेत ठेवा, दोन-तीन लहान एफडी करून, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल. महिन्याची थोडी तूट आणि दवाखान्याची धावपळ यातून भागेल. उरलेले ६ लाख पुढच्या आठ-दहा वर्षांत लागणारच नाहीत असे ठरवून इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, किंवा शेअर आणि रोखे दोन्ही असलेल्या हायब्रिड फंडात, दोन वर्षांत थोडे थोडे करून घाला. शेअर बाजाराचे नाव काढले की तुमच्या मनात काय येते ते मला ठाऊक आहे, आणि ती भीती निराधार नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर असलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात ८ हजारांच्या आसपास आला होता. म्हणून सगळे पैसे तिथे टाकू नका, आणि जे टाकाल ते खाली गेल्यावर काढू नका. पण महागाईच्या पुढे पळण्याची शक्यता असलेला एखादा भाग या वयातही हवा, कारण तुम्हाला अजून पंचवीस-तीस वर्षे काढायची आहेत.

याने चमत्कार होणार नाही. सगळे मिळून सरासरी परतावा ७ चा ८ टक्के झाला, तर वरच्या हिशेबात पैसे सोळाऐवजी अठरा वर्षे पुरतात. तुम्ही पहिली चार वर्षे महिन्याला १० हजार कमावले, तर आणखी दोन वर्षे. टूलरूममध्ये, मेंटेनन्समध्ये हात बसलेल्या माणसाला अंबडच्या छोट्या युनिटमध्ये अर्धवेळ काम मिळायला फारशी अडचण येत नाही, आणि निवृत्तीच्या लगेच नंतरची ही वर्षे त्यासाठी सगळ्यात मोलाची असतात, कारण तेव्हा वाचलेला रुपया पुढे दहा-पंधरा वर्षे व्याज मिळवतो. सोळाची वीस वर्षे झाली. विसाव्या वर्षानंतर काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी वाढत्या खर्चात दरवर्षी थोडी काटकसर, मुलाचा आधार आणि शेवटी राहते घर एवढेच आहे. हे मुलासमोर आजच मोकळेपणाने बोलून ठेवा.

सोन्याबद्दल विचाराल. अडीअडचणीला थोडे असावे. पण सोने दरवर्षी महागाईला मागे टाकते हा समज खरा नाही. २०१२ मध्ये दहा ग्रॅमचा भाव ३१ हजारांच्या आसपास होता आणि २०१८ मध्येही तेवढाच. त्या सहा वर्षांत किराणा थांबला नव्हता. नंतर भाव खूप वाढला, हेही खरे. ज्या माणसाला दर महिन्याला पैसे लागतात, त्याने सराफ बाजारावर घर चालवू नये. प्लॉटचेही तेच. आडगावला किंवा मखमलाबादला घेतलेला प्लॉट कागदावर वाढतो, पण दवाखान्याचे बिल भरायला त्यातला अर्धा गुंठा विकता येत नाही.

आणि कळकळीने सांगतो, १२-१३ टक्के देतो म्हणणाऱ्या पतसंस्थेच्या वाटेला जाऊ नका. महागाईच्या भीतीने माणसे नेमकी तिथे वळतात. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. महागाई वर्षाला सहा टक्के खाते. बुडालेली पतसंस्था एका दिवसात सगळे नेते. ठेवीच्या पावत्या हातात घेऊन वर्षानुवर्षे फिरणारी म्हातारी माणसे आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत.

शेवटी एक तारखेची गोष्ट. तुम्ही अजून ६० चे नाही. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्याला एससीएसएस खाते उघडता येते, पण निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि जेवढे निवृत्तीचे लाभ मिळाले तेवढ्याच रकमेपर्यंत. ही मुदत गेली तर साठीपर्यंत थांबावे लागेल. कंपनीच्या एचआरकडून निवृत्तीचा दाखला घ्या. त्यात सेवेचा कालावधी, निवृत्त झाल्याची तारीख आणि कोणते लाभ किती मिळाले हे लिहिलेले हवे. खाते वहिनींच्या नावासह जोडखाते म्हणून उघडा. त्यांचे वय ६० पेक्षा कमी असले तरी पती-पत्नीच्या जोडखात्याला अडचण येत नाही, आणि तुमच्यामागे त्या तेव्हा योजनेच्या पात्रतेत बसत असतील तर मुदत संपेपर्यंत तेच खाते पुढे चालवू शकतात. दाखला, पीएफ आणि ग्रॅच्युइटी जमा झालेल्या पासबुकाच्या पानांची झेरॉक्स, पॅन, आधार आणि दोघांचे फोटो घेऊन याच आठवड्यात पोस्टात जा.